आयासोफियाच्या पडवीतलं फर्मान

इस्तंबूलला चार दिवस होतो. बॉस्फरस, बाजार, मासे, सगळं झालं. पण लिहायला बसलं की आयासोफियाच्या बाहेरच्या पडवीतला अर्धा तासच डोळ्यांपुढे येतो.

२०१८ चा मे. आधी चर्च आणि मग मशीद असलेल्या या इमारतीत तेव्हा संग्रहालय होतं. तासभर उन्हात रांग लावून आत शिरलेली माणसं थेट घुमटाखाली धावत होती. पडवीत मात्र ग्रीक अक्षरांनी गच्च भरलेल्या, माझ्याहून उंच शिळा उभ्या होत्या. आमचा गाईड ‘जुना शिलालेख आहे, चला’ म्हणत पुढे निघाला. मला रागच आला. मी मागे थांबले.

ते बायझंटाईन सम्राट मॅन्युएल कोम्नेनोसचं ११६६ चं फर्मान. वाद होता योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्याचा. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असं येशू म्हणतो, त्याचा अर्थ काय लावायचा? धर्मसभा भरली, सम्राटाने त्यात जातीने लक्ष घातलं आणि ठरलेला अर्थ राजाज्ञा म्हणून दगडावर कोरवून राजधानीच्या मुख्य चर्चमध्ये, म्हणजे इथेच, लावला. न मानणाऱ्याची मालमत्ता जप्त, नाहीतर हद्दपारी. अलिबागजवळ आक्षीला मी गद्धेगाळ, म्हणजे शिवी कोरलेली दानाची शिळा, पाहिली आहे. तिथे गाढवाची शिवी आहे ती दिलेलं दान मोडणाऱ्याला. इथे एका वाक्याचा वेगळा अर्थ लावला म्हणून माणसाचं घरदार जात होतं. ते वाचून माझ्या पोटात कालवलं.

जवळ गेल्यावर कळलं, या प्रतिकृती आहेत. मूळ शिळा १५६७ मध्ये काढून सुलतान सुलेमानच्या मकबऱ्याच्या पडवीच्या छताला वापरल्या. १९५९ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी खरेदी सोडून सुलेमानियेला, म्हणजे तो मकबरा आहे त्या मशिदीच्या आवारात, गेले. त्यातली कुठली शिळा ती, मला ओळखता आली नाही. तरी मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिले.

आयासोफियाचं संग्रहालय करण्याचा १९३४ चा मंत्रिमंडळाचा निर्णय जुलै २०२० मध्ये तुर्की न्यायालयाने रद्द केला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथे पुन्हा मशीद झाली. परदेशी पर्यटकांना आता तिकीट काढून वरच्या सज्जातच जाता येतं. मला ते फार लागलं. मैत्रीण पुढच्या महिन्यात जाते आहे. तिला म्हटलं, सुलेमानच्या मकबऱ्याच्या पडवीत गेलीस की आधी छताकडे बघ.