१०० टक्के टोमॅटो म्हणजे १०० पैकी १०० नव्हे

डिसेंबर उजाडला की ‘वर्षातल्या सर्वोत्तम नव्या सिरीज’च्या याद्या येतात आणि त्यांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरायला लागतात. खाली हमखास एक ओळ असते: ‘समीक्षकांनी ९७ टक्के दिलेत, बघाच.’ गंमत अशी, की समीक्षकांनी टक्के दिलेलेच नसतात.

हा आकडा बहुतेक वेळा रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचा असतो, आणि तो गुणांचा नाही, डोक्यांचा आहे. प्रत्येक परीक्षणाला ‘बरं’ किंवा ‘वाईट’ एवढाच शिक्का लागतो आणि शंभरातल्या किती जणांना सिरीज बरी वाटली ते टक्क्यांत सांगितलं जातं. ६० टक्के किंवा त्याच्या वर गेली की लाल टोमॅटो, खाली राहिली की हिरवा चिखल. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ प्रत्येक परीक्षणाचे १०० पैकी गुण करून सरासरी (मेटास्कोर) काढतं, आणि त्यातही काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. कुणाला किती, ते मात्र सांगत नाही.

हिशेब करून बघा. दहा समीक्षकांनी ५ पैकी ३ तारे दिले. टोमॅटो १०० टक्के, सरासरी ६०. दुसऱ्या सिरीजला सात जणांनी ५ पैकी ५ दिले, तिघांना ती अजिबात आवडली नाही म्हणून २ दिले. टोमॅटो ७० टक्के, सरासरी ८२. पहिली सगळ्यांना चालेल अशी, दुसरी बहुतेकांना भारावून टाकणारी. यादीतून एकच निवडायची असेल तर मी डोळे झाकून दुसरी घेईन. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. टोमॅटो ९० च्या पुढे आणि मेटास्कोर ६५ च्या आसपास, म्हणजे घरच्यांबरोबर जेवताना लावायला हरकत नाही. मेटास्कोर ८० च्या वर असेल तर फोन बाजूला ठेवायचा.

दुसरी मेख परीक्षणाच्या तारखेत आहे. नव्या सिरीजचं परीक्षण बहुतेक वेळा पहिला भाग यायच्या आधी छापलं जातं, आणि त्यासाठी समीक्षकांकडे पूर्ण सीझन असतोच असं नाही. दहा भागांपैकी चार-सहा आगाऊ मिळतात. शेवटच्या दोन भागांत कथेचा विचका झाला तरी आकड्यात तो दिसत नाही. परीक्षणात ‘समीक्षेसाठी इतके भाग उपलब्ध झाले’ अशी ओळ असते, ती आधी शोधा. वर्षअखेरच्या याद्यांचा खरा उपयोग इथे होतो, कारण त्या बहुधा पूर्ण सीझन बघून केलेल्या असतात. त्यांचीही खोट आहे: बऱ्याच याद्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच छापून होतात, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात आलेली सिरीज दोन्ही वर्षांच्या मधल्या फटीत पडते.

‘वर्ष’ कुठलं, हेही विचारावं लागतं. समीक्षकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांचं १ जून ते ३१ मे. व्हिन्स गिलिगनची ‘प्लुरिबस’ ७ नोव्हेंबर २०२५ ला आली, म्हणजे समीक्षकांच्या यादीत ती जानेवारीत आलेल्या ‘द पिट’च्या पंगतीला बसते, पण एमीत तिचा नंबर पुढच्या वर्षी. आणि एमीत ‘नवी सिरीज’ असा विभागच नाही. तो अमेरिकेतल्या टीव्ही समीक्षकांच्या संघटनेच्या पुरस्कारांत आहे. ‘लिमिटेड सिरीज’, म्हणजे एकाच सीझनमध्ये संपणारी, या पाटीवरही फार विसंबू नका. ‘शोगुन’ आधी त्या पाटीखाली आली, पुढचे सीझन ठरल्यावर ड्रामाच्या रांगेत गेली आणि २०२४ मध्ये १८ एमी घेऊन बसली.

आता २०२५ च्या नव्यांबद्दल. ‘अ‍ॅडोलसन्स’, ‘द पिट’ आणि ‘द स्टुडिओ’ ही तीन नावं त्या वर्षी याद्यांत वारंवार दिसली. तिघींची कसरत वेगळी आहे.

‘अ‍ॅडोलसन्स’चे चार भाग, प्रत्येक भाग एका अखंड शॉटचा, लपवलेला कट नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिरात एकांकिका उभी केलेल्या कुणालाही यातलं निम्मं गणित सांगावं लागणार नाही: थांबायचं नाही, चुकलं तर तिथल्या तिथे सावरायचं, प्रकाश आणि प्रवेश घड्याळावर. उरलेलं निम्मं कॅमेऱ्याचं. नाटकात प्रेक्षक खुर्चीला खिळलेला. इथे तो गाडीत चढतो, जिना चढतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला जोडला जाऊन गावावरून उडतो आणि पुन्हा माणसाच्या हातात येतो. एका भागासाठी साधारण तीन आठवडे: आधी नटांची तालीम, मग तंत्रज्ञांसह तालीम, मग शूटिंग, दिवसाला दोनदा पूर्ण भाग. पहिल्या भागाचा दुसराच टेक वापरला, चौथ्याचा सोळावा. पन्नासाव्या मिनिटाला कुणी अडखळलं की आधीची पन्नास मिनिटंही गेली, कारण जोडायला दुसरा शॉटच नाही. तिसरा भाग, एक मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ एका खोलीत, हा सगळ्यांत आधी चित्रित झाला, आणि त्या मुलाचं काम करणाऱ्या ओवेन कूपरचं कॅमेऱ्यासमोरचं ते पहिलंच काम. पंधराव्या वर्षी त्याला एमी मिळालं.

‘द पिट’ उलट्या बाजूने घट्ट आहे. पंधरा भाग, प्रत्येक भाग रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातल्या एकाच पाळीचा एक तास, सकाळी ७ पासून. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, त्यामुळे कुठे घाबरायचं हे व्हायोलिन सांगत नाही. मॉनिटरचे आवाज आणि एकमेकांत गुंतलेलं बोलणं ऐकून आपणच ओळखायचं. सबटायटल्स लावाच. औषधांची नावं कळण्यासाठी नाही, कोण कुणाला काय सांगतंय ते सुटू नये म्हणून. भाषा कळते म्हणून सबटायटल्स न लावणं हा पुण्यात अभिमानाचा विषय असतो, तो इथे जरा बाजूला ठेवावा. २०२५ चं सर्वोत्तम ड्रामाचं एमी हिलाच मिळालं.

‘द स्टुडिओ’ दहा भागांची, तिला १३ एमी, एका वर्षात कुठल्याही विनोदी सिरीजला मिळालेले सर्वाधिक. दुसरा भाग एकाच टेकच्या शॉटचं शूटिंग कसं फसतं यावर आहे, आणि तो स्वतःही एकाच टेकसारखा दिसतो. ‘अ‍ॅडोलसन्स’नंतर लगेच तो बघितला तर जास्त हसू येतं.

बघताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, टीव्हीचं मोशन स्मूदिंग. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस. टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घालतो, आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा शॉट लग्नाच्या व्हिडिओसारखा गुळगुळीत दिसतो. बंद करा, फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. दोन, डेटा. नेटफ्लिक्सला तासाला साध्या दर्जात साधारण १ जीबी, एचडीत ३, फोर-केमध्ये ७ जीबीपर्यंत लागतो. चार तासांची ‘अ‍ॅडोलसन्स’ एचडीत म्हणजे १२ जीबी. रोजच्या दोन जीबीच्या प्लॅनवर हे बसत नाही. बुधवारी रात्री वाय-फायवर साध्या दर्जात उतरवून ठेवा, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी अडत नाही. वनाझ ते रामवाडी मेट्रोत मात्र अखंड शॉटचा भाग सुरू करू नका. मध्येच उतरावं लागलं की त्या भागाचा श्वासच तुटतो.

वेळाही लक्षात ठेवा. नेटफ्लिक्सची परदेशी सिरीज आपल्याकडे दुपारी १:३० ला येते, अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यात तासाने पुढे गेली की १२:३० ला. एचबीओची रविवार रात्रीची सिरीज आपल्या सोमवारी सकाळी ६:३० किंवा ७:३० ला येते.

मराठी सिरीजला हे टोमॅटोचं गणित लागू पडत नाही, कारण तिथे नोंदवलेली मराठी परीक्षणं मोजकीच. ‘मानवत मर्डर्स’च्या शेजारी जो आकडा दिसतो तो आयएमडीबीचा, म्हणजे प्रेक्षकांच्या मतांचा. त्यात मतं किती पडली ते आधी बघायचं. पहिल्या आठवड्यात ९ च्या वर गेलेला आकडा महिन्याभराने कुठे आहे ते बघून मगच वीकेंड द्यायचा.