अर्धा किलो तार

आमच्या शेतातल्या घराचं निम्मं ओझं सिमेंटवर आहे आणि निम्मं बाइंडिंग तारेवर, आणि खरं सांगू का, तारेवरचं निम्मं जास्त भरवशाचं आहे, कारण सिमेंटचं काम मी केलंय आणि तारेचं बरंचसं आबांनी.

शेत म्हणजे काय फार नाही हो. पन्हाळ्याच्या बाजूला, कासारी नदीपासून जरा वरच्या अंगाला ३० गुंठे, त्यात दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, मागं पाण्याचा हौद, आणि दर शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरातनं स्कूटरच्या पायाशी सामान कोंबून जाणारा मी. बायको म्हणते, ह्यांचं तिकडं काहीतरी चाललेलं असतंय. व्हिडिओ बघून बघून मी ड्रिल घेतलं, ग्राइंडर घेतला, लेसरची लेव्हल घेतली जिची लाल रेघ भिंतीवर पडली की आपली भिंत किती वाकडी आहे ते रात्रीसुद्धा स्पष्ट दिसतं, त्यापलीकडं तिचा अजून उपयोग झालेला नाही. पण यात माझा एकट्याचा दोष नाही. ज्या गावात शिवाजी उद्यमनगरच्या बोळाबोळात लेथ फिरतोय, फौंड्रीत ओतकाम चाललंय, जिथनं एके काळी ऑइल इंजिनं कुठं कुठं गेली, त्या गावात वाढलेल्या माणसाला हत्यारांचा नाद नसला तरच नवल. इथं एखादा पार्ट मिळत नाही असं कुणी म्हणत नाही, उद्या या, करून ठेवतो म्हणतात.

तर एवढी हत्यारं असूनही दर खेपेला दुकानात गेलो की शेवटी तोंडातनं निघतं, "आणि अर्धा किलो बाइंडिंग तार द्या."

ही तार तुम्ही बघितलेली असणारच. स्लॅबच्या सळ्या बांधायला लागते ती. काळी, जरा तेलकट, किलोवर मिळते, दुकानदार वेटोळं पेपरात गुंडाळून देतो आणि घरी येईपर्यंत पिशवीतलं बाकी सगळं काळं झालेलं असतं. २० गेज म्हणजे बारीक, १८ म्हणजे त्याहून जाड, नंबर वाढेल तशी तार बारीक होत जाते हे मला कळायला दोन चकरा लागल्या. तार कारखान्यात ओढून ओढून बारीक केली की कडक होते म्हणे, मग तिला भट्टीत तापवून सावकाश गार होऊ देतात, तेव्हा ती अशी मऊ पडते. म्हणून वळवली की वळलेलीच राहते, सायकलच्या स्पोकसारखी उसळून अंगावर येत नाही. गुण एवढाच, पण काय गुण आहे! पकड हाताशी नसेल तर एकाच जागी पुढं-मागं, पुढं-मागं वाकवायची, सात-आठ वेळा केलं की ती जागा परत कडक होत जाते आणि टक्कन तुटते, आणि तुटल्या तुटल्या त्या टोकाला बोट लावलं तर चांगलं कोमट लागतं. मला हे इतकं आवडलं होतं की सुरवातीला मी उगाचच तारा तोडत बसायचो. ते का सांगतोय ते पुढं येईल.

पहिला मोठा प्रकल्प फाटक. जुन्या दाराच्या फळ्या होत्या, त्यांचं छान सहा फुटी फाटक केलं, रंध्यानं घासलं, बिजागऱ्या लावल्या, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीन आठवड्यात त्या चौकोनाची शंकरपाळी झाली. बिजागरीकडची बाजू जागेवर आणि लांबचा कोपरा जमिनीला टेकून मातीत अर्धवर्तुळ काढतोय. मग व्हिडिओत बघून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी मारली, वरच्या बिजागरीपासून खालच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत. महिन्याभरात पट्टीचे स्क्रू उपसून बाहेर.

आबा कुंपणापलीकडनं सगळं बघत होते. आबा म्हणजे शेजारच्या रानातले, नात्यानं माझे कुणी लागत नाहीत, वय सत्तरीच्या पुढं, दोन म्हशी, आणि हत्यार म्हणाल तर एक खुरपं आणि एक पकड, तिच्या मुठीचं रबर कधीच गेलंय. मला ते पावणं म्हणतात, दहा वर्षं झाली तरी पावणंच.

"पावणं, लाकडाला वडाय लावलायसा तुमी," ते म्हणाले. "लाकूड ढकलतंय. वडायचं काम तारंचं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी काठीनं मातीत काढून दाखवलं. फाटकाचा लांबचा कोपरा वजनानं खाली जाणार. त्याला खालनं रेटायचं असेल तर लाकडाची तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून वरच्या लांबच्या कोपऱ्याला हवी. वरनं ओढून धरायचं असेल तर वरच्या बिजागरीपासून खालच्या लांबच्या कोपऱ्याला, म्हणजे मी लावली तशीच, पण तिथं लाकूड नको, तार पाहिजे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी लेसर घेऊन बसलो होतो.

आबांनी तार चार पदरी केली, दोन्ही कोपऱ्यांतल्या खिळ्यांना वेढली, मधोमध पदरांत एक वीतभर काठी घातली आणि पीळ द्यायला लागले. एक, दोन, चार, सहा. सातव्या-आठव्या पिळाला तार आखडायला लागली आणि फाटकाचा तो कोपरा हळूहळू, आपल्या डोळ्यांसमोर, जमिनीवरनं सुटला. बोटभर वर आला. आबांनी तारेला टिचकी मारली, तुणतुण्यासारखा आवाज आला. "बास," म्हणाले, "आता आनी एक पीळ दिलासा तर तुटती." आणि काठी उलगडू नये म्हणून तिचं टोक तारेच्याच एका तुकड्यानं फळीला बांधून टाकलं. जमलेल्या कामाकडं वळूनही न बघता म्हशीकडं गेले. ती काठी अजून तिथंच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, मी फक्त अर्धा पीळ कमी-जास्त करतो, गिटार लावल्यासारखं.

पीळ हा खरा आबांचा विषय. लहानपणी ते केकताडाचा वाख काढून दोर वळायचे, मांडीवर हात फिरवून दाखवतात अजून, तळवा पार खरबरीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हेकट माणसाला लावतो, पण ज्यानं दोर वळलाय त्याला त्यात शिवी दिसत नसणार असं मला आता वाटायला लागलंय. आणि ऊसतोडीला तर तेवढंही लागत नाही. तोडकरी उसाचंच वाडं घेतात, दोन हिसके देऊन पिळतात आणि त्यानंच मोळी बांधून डोक्यावर टाकतात, वरनं ट्रॅक्टरच्या फळीवर चढतात. मी एकदा तशी मोळी बांधून बघितली. उचलली तेव्हा नुसतं वाडं हातात आलं.

सोप्याच्या पत्र्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यात माझी शोभा नाही. नळीच्या पत्र्याला उंचवटा असतो आणि खाच असते. जे-हुकाचं भोक उंचवट्यावर पाडायचं असतं, म्हणजे पाणी खाचेतनं खाली जातं आणि भोकाला लागत नाही. मी सगळी भोकं खाचेत पाडली, कारण तिथं पत्रा खालच्या पाइपला टेकतो आणि हुक कसा घट्ट बसतो, बघायला फार छान वाटलं. जुलैत त्या सोप्यात बसून चहा पिताना कप रिकामा होत नव्हता. डांबरी वायसर, एमसील, परत वायसर, आणि शेवटी पत्रे उलटे-सुलटे करून परत बसवणं. मधल्या काळात वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्रे कशानं बांधले होते ते सांगायला नकोच.

२०१९ च्या ऑगस्टात मात्र तार मी नव्हे, आबांनीच बांधली. कोल्हापुरातला माणूस पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत उठतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे पोराटोरांना पाठ. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. नदीकाठच्या लोकांनी मोटरी आधीच वर काढून ठेवल्या होत्या, माझी मोटर विहिरीवर, उंचावर, म्हणून मी निवांत, आणि मग रस्ते बंद झाले आणि मी शहरात अडकलो. फोन लागला तेव्हा आबा ओरडून सांगत होते, "स्टार्टर काढलाय तुमचा, बाभळीला टांगलाय!" नंतर गेलो तेव्हा बघितलं, विहिरीच्या कट्ट्यावर गाळाची रेघ, आणि तिच्या वर दोन हात, बाभळीच्या बेचक्यात, खताच्या प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळलेला स्टार्टर, तारेचे तीन वेढे आणि गाठ अशी की एका हिसक्यात सुटली. मी बांधलेली तार कापावी लागते. आबांची सुटते.

हे कापावं लागण्याचं फळ मला कुंपणात मिळालं. मे महिन्यात गिरिपुष्पाचे दांडे रोवले होते, नुसत्या काठ्या, त्यांना पाऊस लागला की पालवी फुटते आणि कुंपण आपोआप जिवंत होतं, कुणी लावलं तरी जगतं असं झाड, म्हणून मी लावलं. त्यांना काटेरी तार बांधायला बाइंडिंग तार, आणि मी आपला हौसेनं कचकचून चार-चार वेढे. दोन-तीन वर्षांनी बघतो तर तार दिसेचना. खोडाला करगोटा बांधल्यासारखी खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंनी साल ओठांसारखी फुगून मिटत आलेली आणि आत कुठं तरी माझी तार. तीन दांडे खाचेच्या वर वाळले, बाकीच्यांनी तार गिळून टाकली आणि वाढले. तिथं आता काटेरी तार झाडातनंच निघाल्यासारखी दिसते. आता वळवाचा पाऊस व्हायच्या आधी एक रविवार नुसता वेढे सैल करत फिरण्यात जातो.

आता ते तुकडे. मी म्हणालो ना, तारा तोडायला मला मजा यायची. बांधून झालं की पकडीनं टोक कापायचं, बोटाएवढा तुकडा टिंग करून उडायचा, कुठं पडला कोण बघतोय. एकदा सोप्यात असंच चाललेलं आणि आबा वैरणीचा भारा घेऊन माझ्या बांधावरनं चालले होते. भारा खाली टाकला, वाकले, गवतातनं दोन तुकडे उचलले, आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडले. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस.

"म्हस काय निवडून खाती व्हय?"

निवडून खातच नाही. गाय-म्हैस वैरण आधी गिळते आणि रवंथ सावकाश करत बसते, त्यात तारेचा तुकडा आला तर तोही आत जातो. जड असल्यामुळं तो आतनं जाळीसारखं अस्तर असलेल्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन बसतो, आणि त्या कप्प्याच्या पुढं, मधल्या एका पडद्यापलीकडं, काळीज. कप्पा आवळला की तार पुढं सरकते. काही ठिकाणी डॉक्टर जनावराला लोहचुंबकच गिळायला देतात, म्हणजे लोखंड त्याला चिकटून तिथंच पडून राहतं. आबांची एक म्हैस अशीच गेलेली. दूध तोडलं, वैरण सोडली, उतारावर पाय टाकेना, कोपरं बाहेर काढून उभी राहायची. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो तुकडा कुणाच्या रानातला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आमची ओळख त्यानंतरची का आधीची याचा मात्र मी गाडी चालवताना रस्ताभर हिशोब केला. त्यानंतरची निघाली. तरी रात्री झोप लागली नाही.

पुढच्या शनिवारी पोरीच्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, चांगलं वाटीएवढं, त्याला सुतळी बांधली आणि सोप्यापासनं बांधापर्यंत फरफटत नेलं, कुत्रं फिरवल्यासारखं. बायको दारात उभी राहून हसत होती. पहिल्या फेरीत २६ तुकडे निघाले, मोजले मी. शिवाय चार खिळे, एक वायसर आणि सगळ्या चुंबकाला काळी बारीक मिशी, आपल्या मातीतच लोखंडाचे कण असतात ते. अजून दर खेपेला आधी एक फेरी चुंबकाची, मग चहा.

परवा गोठ्याकडच्या बाजूला एक वेगळंच काही चिकटलं. गंजलेलं, चपटं, अर्ध्या चंद्रासारखं, कडेला दोन भोकं. आबांना नेऊन दाखवलं. त्यांनी ते अंगठ्यानं पुसलं, उजेडाला धरलं.

"पत्री हाय ही," म्हणाले. "बैलाची."

या रानात बैल मी कधी बघितलेला नाही. आबा बराच वेळ ती तळव्यावर वर-खाली करत राहिले, मग म्हणाले, "डाव्या पायाची," आणि बंडीच्या खिशात टाकून म्हशीला पाणी दाखवायला गेले.