सूचनांचा कागद

शनिवारी रात्री जेवणे आटोपली, ताटे उचलली गेली, की आमच्या टेबलावर एक फुलस्केप कागद येतो. रविवारच्या उपदेशाची तयारी मी शुक्रवारीच संपवतो, निदान संपल्याचे घरात जाहीर करतो. परंतु चर्चमधल्या उपासनेच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, जी पाच-सात मिनिटे सूचनांसाठी राखलेली असतात, त्यांचा मजकूर शनिवारी रात्रीपर्यंत पक्का होत नाही. तोपर्यंत कोणाची तरी सून बाळंत होते, कोणाला तरी मिरजेच्या दवाखान्यात दाखल करतात, आणि तरुण संघाचा सचिव पावणेदहा वाजता फोन करून सांगतो की उद्याची सभा चारऐवजी पाचला आहे. सूचना लिहून काढण्याचे काम माझी पत्नी करते. तिचे अक्षर चांगले आहे हे एक कारण झाले; माझे अक्षर पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभे राहिल्यावर मला स्वतःलाच लागत नाही, हे खरे कारण.

पाळक म्हणून मला वीस वर्षे होऊन गेली; त्यांतली पहिली काही सातारा जिल्ह्यात गेली आणि आता बरीच सांगलीत. एवढ्या काळात मी जे हजारभर उपदेश केले, त्यांतल्या एखाद्या मुद्द्याबद्दल सोमवारी सकाळी कोणी फोन करून विचारल्याचे मला फारसे आठवत नाही. सूचनांबद्दल मात्र रविवारी दुपारी एकच्या आत फोन येतो, आणि तोही जेवणाच्या पहिल्या घासाला. महिला समाजाचे नाव तरुण संघाच्या नंतर का वाचले, नाताळच्या वर्गणीत आमचे पाचशे राहिले का, माझ्या भाच्याच्या नावाआधी 'डॉक्टर' म्हणायला काय झाले होते, अशा त्या तक्रारी असतात. सुरुवातीला याचे मला वाईट वाटे. विश्वासाने नीतिमान ठरण्यावर अर्धा तास घाम गाळावा, आणि लोकांनी घरी न्यावे ते प्रार्थना सभेच्या बदललेल्या वेळेला, हे तरुण पाळकाला झोंबणारच. आता मला तसे वाटत नाही. उलट लोक नेमके कुठे कान टवकारतात हे पाहिले, तर पाळकाला आपली मंडळी समजायला सूचनांइतकी चांगली जागा नाही, असे माझे मत होत चालले आहे.

लग्नाच्या सूचनेचेच पाहा. आमच्याकडे लग्न ठरले की वधूवरांची नावे तीन रविवार मंडळीपुढे वाचायची आणि कोणाची काही योग्य हरकत असेल तर कळवावे असे सांगायचे, ही जुनी रीत आहे. हे वाक्य उच्चारल्यावर चर्चमध्ये दोन-तीन सेकंद एक विलक्षण शांतता पसरते. पंखे गरगरत असतात, वधूची आई समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत असते, आणि सगळ्या मावश्या एकमेकींकडे न पाहण्याचा प्रयत्न करत असतात. इतक्या वर्षांत एकदाच खरोखर हात वर झाला. तिसऱ्या रविवारी, डावीकडच्या रांगेतून, एका वयस्क गृहस्थांचा. माझ्या पोटात गोळा आला, वराचा चेहरा उतरला, गृहस्थ सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, मुलीचं गाव आरग नाही. बेडग आहे. तीन आठवडे चुकीचं वाचताय." ते वधूचे सख्खे चुलते होते, आणि तीन आठवडे त्यांनी हे मनात ठेवले होते.

आजाऱ्यांची सूचना सर्वांत अवघड. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांचे आणि दवाखान्यांचे नाते जडलेले आहे. आमच्या मंडळीत आजी परिचारिका, आजोबा कंपाउंडर अशी घरे अजूनही सापडतात. त्यामुळे आजार म्हटला की प्रत्येकाला त्यातले थोडेफार कळते आणि उरलेले विचारून घ्यायचे असते. परंतु आजारी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना तो आजार चारचौघांत यावा असे दर वेळी वाटत नाही. एकदा एका कुटुंबाने मला बाजूला घेऊन सांगितले, "प्रार्थना पाहिजे, पण नाव नको." मी त्यांचे ऐकले आणि "आपल्यातल्या एका बंधूंसाठी, ज्यांची तपासणी चालू आहे, प्रार्थना करावी" असे वाचले. परिणाम असा झाला की त्या संध्याकाळी तीन वेगवेगळ्या घरी लोक सफरचंदे आणि शहाळी घेऊन पोहोचले. त्या तिघांपैकी एकाला साधी सर्दीसुद्धा झालेली नव्हती. तो दार उघडून उभा राहिला तेव्हा पाहुण्यांनी म्हणे त्याला आधार देऊन खुर्चीवर बसवले. ज्यांच्यासाठी प्रार्थना होती त्यांच्या घरी मात्र कोणी गेले नाही, आणि त्यांना तेच हवे होते. तेव्हापासून नाव नको असलेल्यांसाठी मी पुलपिटावरून काहीच म्हणत नाही, घरी जातो.

आता जे सांगतो ते सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात माझ्या घरचा भाग आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की त्या रविवारी मुलांची नावे आणि टक्के वाचायची, टाळ्या वाजवायच्या, प्रत्येकाला पेन द्यायचे, अशी आमच्या मंडळीत अनेक वर्षांची पद्धत होती. मी ती आनंदाने चालवली. माझी मुलगी बारावीला बसली त्या वर्षी तिला अठ्ठावन्न टक्के मिळाले. शनिवारी रात्री टेबलावर यादी तयार होत होती. चौऱ्याण्णव, सत्याऐंशी, एक्क्याऐंशी असे आकडे तिची आई उतरवत होती. मुलगी पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली, तो टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पप्पा, टक्के वाचू नका." एवढेच. तांब्या ठेवताना सांडलेले पाणी तिने ओढणीच्या टोकाने पुसले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांची फक्त नावे वाचली. उपासनेनंतर आमच्या खजिनदारांनी मला गाठले. चौऱ्याण्णव त्यांच्या नातवाचे होते. मी त्यांना सांगितले की मुलांची किंमत आकड्यांवर ठरू नये, देवाच्या घरात तरी सगळी मुले सारखी असावीत, वगैरे. कमिटीच्या पुढच्या बैठकीतही मी हेच मांडले आणि ते मंजूर झाले. टक्के न वाचण्याची पद्धत आजही चालू आहे, आणि ती चांगली आहे असे मला मनापासून वाटते. पण ते तत्त्व मला सुचले ते माझी मुलगी यादीत खालून दुसरी होती म्हणून. आधीच्या वर्षांत ज्यांच्या मुलांचे पंचेचाळीस आणि पन्नास मी खणखणीत आवाजात वाचले, त्यांच्याही घरात कोणी तांब्या घेऊन उभे राहिले असेल. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करणार, असे बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात विचारले आहे. तो अध्याय आम्हां पाळकांना दीक्षेच्या वेळी वाचून दाखवतात आणि आम्ही मुले शिस्तीत वाढवा एवढाच त्याचा अर्थ घेतो. मुलांकडून मंडळीची व्यवस्था शिकावी लागते, हा अर्थ मला त्या रात्रीपर्यंत लागला नव्हता. खजिनदारांना मी हे अजून सांगितलेले नाही.

नाव वाचण्याचे एवढे, तर नाव राहून जाण्याचे काय सांगावे! प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड आमच्या एक आजी धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून आणतात. निवृत्त परिचारिका आहेत. घडी अशी घालतात की उलगडल्यावर चार बोटांच्या अंतरावर सरळ रेघा दिसतात. एका नाताळला मी आभारांची लांबलचक यादी वाचली, त्यात मांडववाला आला, ध्वनिक्षेपकवाला आला, भडंग देणारे आले, आणि आजी राहिल्या. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेने माझ्या पत्नीला सांगितले. मी चूक सुधारायला म्हणून पुढच्या रविवारी त्यांचे खास नाव घेऊन, त्यांना उभे राहायला सांगून, टाळ्या वाजवायला लावल्या. दारात भेटल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे "जय ख्रिस्त" म्हटले आणि मग हळू आवाजात झाडले, "काय हो पाळकसाहेब, माझं नाव वाचायला मी काय लग्नाला उभी आहे?" म्हणजे नाव राहिले तरी चुकले आणि वाचले तरी चुकले. कापड मात्र दोन्ही रविवारी तेवढेच कडक होते.

अशा वेळी मी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून बसतो. आधीचे पंधरा अध्याय इतक्या खोल पाण्यातून नेणारा प्रेषित पौल शेवटी निव्वळ सलाम सांगत सुटतो. पंचवीसेक माणसांची नावे येतात, कोणी कुठे मदत केली, कोण कोणाबरोबर तुरुंगात होते, कोणाच्या घरी मंडळी जमते. आणि रूफच्या आईचा उल्लेख तर 'ती मलाही आईच' असा येतो. उपदेशक हा अध्याय सहसा ओलांडून जातात, मीही जात असे. आता मला तो पौलाने वाचलेला सूचनांचा कागद वाटतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर त्याने युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना, तुमचे एकदा जुळू द्या, असे सगळ्या मंडळीदेखत नाव घेऊन विनवले आहे. ते धैर्य माझ्यात नाही. आमच्या महिला समाजात असे काही झाले तर मी दोघींकडे वेगवेगळ्या वारी चहाला जातो.

सूचनांत कोणाचे नाव यावे याला आमच्याकडे नियम आहे. ज्याचे नाव सभासदांच्या वहीत, त्याचे दुःख मंडळीचे. सातारकरांनी हा नियम कधीच थोडा सैल केला होता, असे मला तिथे असताना वाटे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही. आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराशेजारी, एक गृहस्थ सात-आठ वर्षे दर रविवारी बसतात. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात. बाप्तिस्मा घेतलेला नाही, मी कधी विचारलेले नाही. त्यांची आई वारली तेव्हा सचिवांनी वहीकडे बोट दाखवले, आणि तरीही मी ते निधन वाचले. त्यानंतर तीन रविवार ते आले नाहीत. चारचौघांत आपण त्यांना उघडे पाडले, या विचाराने मला चैन पडेना. चौथ्या रविवारी ते आले, त्याच बाकावर बसले. डोक्यावर नुकतेच फुटू लागलेले केस होते. जाताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. मीही काही बोललो नाही.

एकदाच असे झाले की उपदेश नव्हता आणि फक्त सूचना होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. चाळीस म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळे ५७ या आकड्याचे इथे वेगळे वर्णन करावे लागत नाही. ११ तारखेला रविवार होता. आमच्या हॉलमध्ये सात कुटुंबे गाद्या टाकून राहिली होती, वीज नव्हती, पेटी भिजू नये म्हणून पुलपिटावर चढवून ठेवली होती. मी खालीच उभा राहिलो आणि पत्नीने लिहिलेली यादी वाचली: कोण नातेवाइकांकडे, कोण शाळेत, कोण दुसऱ्या मजल्यावर, कोणाला नावेतून काढले. एका घराच्या नावापुढे तिने काहीच लिहिले नव्हते. मी नाव वाचून थांबलो. दाराकडून कोणीतरी ओरडले, "बुधगावला आहेत, मेव्हण्याकडं!" मी खिशातले पेन काढून तिथल्या तिथे 'बुधगाव' लिहिले आणि पुढचे नाव घेतले. यादी संपल्यावर आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि हॉलमध्ये पिठले-भात तयार होता.

रोमकरांच्या त्या सोळाव्या अध्यायात एक गंमत आहे. सलाम चालू असताना मध्येच, पत्र उतरवून घेणारा तर्तियुस स्वतःचाही सलाम घुसडून देतो. पौलाने त्याला परवानगी दिली होती की त्याने आपली लेखणी आपणच चालवली, हे कळायला मार्ग नाही. आमच्या घरच्या तर्तियुसने इतक्या वर्षांत शेकड्यांनी कागद लिहिले आणि त्यांत तिचे स्वतःचे नाव एकदाही आले नाही. मी एकदा आभारांत घालू का म्हणून विचारले, तेव्हा तिने इस्त्रीवाल्या आजींची आठवण करून दिली आणि विषय संपला.

गेल्या शनिवारी मात्र मी लवकर झोपलो आणि कागद तिने एकटीने पुरा केला. रविवारी मी तो नेहमीप्रमाणे आधी न पाहता उलगडला. बाप्तिस्मा वर्गाची वेळ वाचली, दोन आजाऱ्यांची नावे वाचली, आरग-बेडग नीट पाहून एक लग्न वाचले, गच्चीच्या दुरुस्तीसाठी आलेले दान वाचले, आणि त्याच सुरात, तिच्या त्याच टपोऱ्या अक्षरातली शेवटची ओळही वाचून टाकली: "पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारपासून सूचना पाच मिनिटांत संपवाव्यात, ही विनंती."

तिसऱ्या बाकावरून आजींनी खणखणीत आवाजात "आमेन" म्हटले.