उभ्या पिकातलं ढोर आणि लगागा

भाचीची दहावी आहे, म्हणजे आमच्या घरात सगळ्यांचीच आहे. परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो तर शेजारच्या खोलीतून एकच वाक्य, मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही, मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही. श्लेष, मित्र म्हणजे दोस्तही आणि सूर्यही. मी दहावीत होतो तेव्हाही हाच मित्र उगवत होता, अजून उगवतोच आहे. मार्चच्या उन्हात जळगाव जिल्ह्यात बसून सूर्य उगवल्याचा आनंद नक्की कोणाला होतो, हे पेपर काढणाऱ्यांना एकदा विचारायला पाहिजे.

झोप गेलीच होती म्हणून तिचं गाईड चाळत बसलो. उपमा, रूपक, यमक, सगळे जुने पाव्हणे. "क्षणात येते सरसर शिरवे", अनुप्रास. बालकवी आमच्या धरणगावचे. धरणगावच्या माणसाने "हिरवळ दाटे चोहिकडे" लिहिलं, मी म्हटलं हे अतिशयोक्तीतपण खपेल. ती म्हणे मामा, तू झोप ना.

मला मात्र आमचा एक वर्गमित्र आठवला. त्याचे वडील बँडमध्ये ढोल वाजवायचे, लग्नसराईत हाही झांजा घेऊन त्यांच्यामागे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शेवटच्या बाकावर गाढ. व्याकरणात भोपळा ठरलेला. एकदा सरांनी फळ्यावर "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" लिहिलं, भुजंगप्रयात, चार वेळा य गण, बारा अक्षरं, सहाव्यावर यती. आम्ही माना डोलावल्या, कळलं कोणालाच नाही. हा खाली मान घालून बाकावर काहीतरी वाजवत होता. सरांना वाटलं टवाळी, छडी घेऊन गेले आणि त्याच्यापाशी जाऊन थांबले. म्हणे परत वाजव. एक बोट हलकं, मग दोनदा अख्खा तळहात. लगागा लगागा, लगागा लगागा. ल म्हणजे लघु, आखूड अक्षर, गा म्हणजे गुरू, लांब. सरांनी छडी टेबलावर ठेवली.

मग त्या तासाला काय काय नाही झालं. सिनेमाची गाणी, वरातीची गाणी, एकीने तर कानबाई देवीचं गाणं म्हटलं आणि लाजून खाली बसली. सर एकेक ओळ फळ्यावर लिहून आम्हाला अलंकार शोधायला लावायचे. यमक लगेच सापडायचं कारण सिनेमावाल्यांनी दुसरं काही ठेवलेलंच नसायचं, आणि रूपक म्हटलं की चंद्र. सगळ्या पोरी चंद्र. शेवटी शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात, हा मराठीचा तास आहे का वरात?

त्या वर्गमित्राची आता स्वतःची डीजेची गाडी आहे. गल्लीतून जाते तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि मी सवयीने लघु-गुरू मोजायला लागतो. सगळंच गागागागा. लघु राहिलेलाच नाही.

तेव्हा घरी वेगळीच तऱ्हा. आमच्या आजीला बहिणाबाई पुस्तकातून नाही, रेडिओवरून माहीत. 'मानिनी' सिनेमात, १९६१ च्या, तिची गाणी होती ना, ती. पुस्तक त्याच्याही आधीचं, १९५२ चं, पण आजीला अक्षरओळख नव्हती आणि तशी बहिणाबाईलाही नव्हती, त्यामुळे दोघींचं पुस्तकावाचून काही अडलं नाही. मी ओट्यावर बसून घोकत होतो, "अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर", इथं जसा आहे म्हणून उपमा. "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर", इथं जसा नाही, थेट ढोरच, म्हणून रूपक. जसा दिसला की उपमा, एवढ्यावर आम्ही मार्क काढले, कवितेकडे बघायची गरजच पडली नाही. आजी शेंगा फोडत होती. दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणे, "आरे ढोर वावरमा घुसनं ना, मंग काठी ले, पुस्तक काय ली बसना!"

मी हसलो. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली आणि ती खरंच वावराच्या दिशेने बघायला लागली, कपाळाला हात लावून, ऊन अडवून. त्या वर्षी आमच्या कपाशीत कोणाची तरी म्हैस खरंच घुसायची.

तर भाचीचं पुढचं उदाहरण, "हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस". परत श्लेष, जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणी. तिला म्हटलं बघ, पाणीपुरवठ्याच्या सरकारी पाटीवरपण जीवन प्राधिकरण असं लिहिलेलं असतं, सरकारी खात्याने केलेला हा एकमेव श्लेष असावा, पेपरात लिही. ती म्हणे असं लिहिलं तर मार्क देतील? आता काय सांगणार. म्हटलं नको, मेघाचंच लिही.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, नळ आले! सहाव्या दिवशी. नळ कुठं येतात, नळ तिथंच असतो, येतं ते पाणी, ही लक्षणा, हे सांगायला मी तोंड उघडलं तर ती गाईड माझ्या पोटावर फेकून केव्हाच बाहेर. आतून बहिणीचा आवाज, अरे ऊठ, मोटर लाव आधी.

उठलो.