घन फसला, ट्रेस तगला: वही तिसरी

मंडळी, खानापुरात पाऊस लागलाय. काल साडेआठला लाईट गेली ती अकराला आली. तेवढ्यात मेणबत्तीवर घन काढायला बसलो. प्रश्न असा: फल (function) बहिर्वक्र म्हणजे दोन आकड्यांच्या फलांची सरासरी ही सरासरीच्या फलापेक्षा कमी येत नाही; आकड्यांऐवजी मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) घातली तरी हे टिकतं का?

वर्गाचं मागेच मिटलं होतं. अ, ब हर्मिटियन (साध्या आकड्यांत, कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखे आकडे असलेल्या) मॅट्रिक्स असल्या की वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा, उरतं (अ−ब)²/४. मॅट्रिक्सनं गुणल्यावर जो व्हेक्टर (आकड्यांची जोडी) फक्त एका आकड्याच्या पटीत बदलतो तो आयगेनव्हेक्टर, तो आकडा ती आयगेनव्हॅल्यू; फरकाची एकही ऋण नसली की पास. वर्गाच्या आयगेनव्हॅल्यू ऋण कशा होतील? म्हणून वर्ग मॅट्रिक्सवरही बहिर्वक्र. धन आकड्यांवर घनही बहिर्वक्रच, तर तोही पास होणार असं वाटलं. कसला होतोय!

अ च्या ओळी (१, १), (१, १). ब च्या (३, १), (१, १). ब³ काढताना दोन्ही कोपरे सारखेच येणार म्हणून एकच काढला, आणि १२ मध्ये २ मिळवायचे राहिले. घनांची सरासरी वजा सरासरीचा घन, हा फरक आला (६, ०), (०, ०). झालं, घन पास, म्हणून झोपायला निघालो. लाईट आल्यावर दुसरा कोपरा तपासला तर १४!

आता नीट. अ³ च्या ओळी (४, ४), (४, ४). ब³ च्या (३४, १४), (१४, ६). घनांची सरासरी (१९, ९), (९, ५). सरासरी मॅट्रिक्स क म्हणजे (२, १), (१, १), तिचा घन (१३, ८), (८, ५). सगळे फिबोनाचीचे आकडे, त्यात दहा मिनिटं गेली ती गेलीच. फरक (६, १), (१, ०), डिटरमिनंट (आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार) −१. एक आयगेनव्हॅल्यू ३−√१०, साधारण −०.१६. एवढीशीच, पण ऋण ती ऋण.

फरकाचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) मात्र ६, ऋण नाही. निपाणीच्या दोस्तानं विचारलं होतं, "फल साध्या आकड्यांवर बहिर्वक्र आहे, मग अडतंय कुठं ओ?" अडतंय ते असं. क च्या आयगेनव्हेक्टरवर क³ म्हणजे एकाच आकड्याचा घन, तिथं शाळेतली बहिर्वक्रता पुरते. अशा सगळ्या व्हेक्टरांवरची बेरीज म्हणजे ट्रेस. म्हणून ट्रेस कुठल्याही बहिर्वक्र फलाला तगतो, घातांकी फलालासुद्धा. पण (१, −४) हा क चा आयगेनव्हेक्टर नाही. त्याच्यावर (दोन्ही बाजूंनी त्यानं गुणल्यावर) घनांची सरासरी २७ देते, सरासरीचा घन २९.

गणितज्ञ क्राउसनं १९३६ मध्येच मॅट्रिक्सवरही बहिर्वक्र राहणारी फलं वेगळी काढली होती. धन मॅट्रिक्सवर (सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन) घातांक १ ते २ आणि −१ ते ० चालतात. आता व्यस्त मॅट्रिक्स (घातांक −१) हातानं करायची आहे, आणि या खेपेला दोन्ही कोपरे काढून.