आमची वाटचाल: ‘लातूरचा येसूर’ ते ‘चुंबळ’

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी नसली तर पाहुणे बोलून दाखवतात. धान्य, डाळ, धणे, खोबरं वेगवेगळं खमंग भाजायचं, मसाल्यासकट दळायचं, की झाला येसूर. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या हातचा येसूर भावकीत नावाजलेला. तोच 2016 साली आम्ही पाकिटात भरून विकायला काढला. नावावर घरात पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. लातूरचा आहे, येसूर आहे, मग ‘लातूरचा येसूर’. दहा हजार पाकिटं छापून आणली.

तिसऱ्या वर्षी लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका दुकानदाराचा फोन आला. “ताई, पाकिटाचा रंग बदलला का ओ? गिऱ्हाईक म्हणतंय, माल हलका झालाय.” जाऊन बघते तर नाव तेच, पाकीट हिरवं. माल शेजारच्या तालुक्यातल्या कुणाचा तरी.

मी तावातावानं फाईल घेऊन वकिलांकडं गेले. शॉप अ‍ॅक्ट, उद्योग आधार (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आताचं उद्यम), अन्न परवाना, सगळं जागच्या जागी. त्यांनी एकेक कागद उलटून बघितला. म्हणाले, “ही धंदा करायची कागदं आहेत, नावावर हक्क सांगायची नव्हेत. उद्या कंपनी नोंदवलीत तरी ट्रेडमार्क वेगळाच घ्यावा लागतो.”

ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. तपासणी अहवाल आला तो हरकत घेऊनच: ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9. मालाचा प्रकार आणि गाव सांगणारे शब्द कुणा एकाच्या नावावर करून देत नाहीत. उत्तराला महिन्याची मुदत. वाट एकच होती. लोक हे नाव ऐकून आम्हालाच ओळखतात, हे वापराच्या पुराव्यानं दाखवायचं. बिलं, जाहिराती, खपाचे आकडे. आमची पहिली दोन वर्षं कच्च्या चिठ्ठ्यांवर गेलेली, आणि त्या चिठ्ठ्या आत्यांनी चुलीत घातलेल्या.

आठ दिवस माझी चिडचिड चालली. मग लक्षात आलं, हेच नाव आधी त्या हिरव्या पाकिटवाल्याला मिळालं असतं तर मी काय केलं असतं? लातुरात बसून लातूरचा येसूर म्हणायची चोरी!

मग नवं नाव शोधणं आलं. ‘अन्नपूर्णा’ टाकून बघितलं, रांगच लागली. एखादं अक्षर फिरवून उपयोग नाही, कानाला सारखं लागलं तरी हरकत येते. माझी लेक रोज रात्री ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर नावं टाकायची आणि मान हलवायची. एके दिवशी आत्या भाजलेल्या धण्यांचं घमेलं उचलताना म्हणाल्या, “चुंबळ दे गं तेवढी.” लेकीनं तिथंच फोन काढला. मसाल्यात चुंबळ नावाचं काहीच निघालं नाही. मसाल्याशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही, आणि वकिलांना नेमकं तेच आवडलं.

ट्रेडमार्कला माल वर्गावारी लावतात, आणि फी वर्गागणिक. लहान उद्योगाचं प्रमाणपत्र असल्यानं आम्हाला ऑनलाइन फी एका वर्गाला 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000. येसूर वर्ग 30 मध्ये. करडईचं तेल आम्ही नुकतंच सुरू केलेलं, ते वर्ग 29 मध्ये, म्हणून पुन्हा तेवढेच. मराठी शब्दाचा इंग्रजीत अर्थ द्यावा लागतो. ‘डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची गोल गुंडाळी’ एवढं सगळं वकिलांनी गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत लिहिलं.

छापखानेवाल्यानं हौसेनं नावापुढं गोलातला आर टाकून दिला. तो नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, तोवर नुसतं टीएम. ती पाकिटं परत केली. पुढं ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने विरोधाची वाट बघायची असते. ते चार महिने दारावर पोस्टमन दिसला की पोटात गोळा यायचा. विरोध आला नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढं फी भरून वाढवता येते.

हिरवं पाकीट अजून गंजगोलाईत आहे. आमच्या पाकिटावरही ‘चुंबळ’च्या खाली बारीक अक्षरात ‘लातूरचा येसूर’ लिहिलंय. तेवढं तर दोघांनाही लिहिता येतं. जुनी चारेक हजार पाकिटं माळ्यावर पडून होती. आत्या आता त्यात नातेवाइकांना फुकटचा येसूर भरून देतात.