तुम्ही विचारलंत म्हणून: थिअरी सुंदर असली की खरी असते का?

मला हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक श्रावणात. घरी कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसलेली असते, रोट चाललेले असतात, आणि एखादा भाऊबंद हळूच जवळ सरकून विचारतो, काय सर, तुम्ही अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवता, मग हे कसं जमतं तुम्हाला? दुसरा प्रश्न क्लासच्या पोरांचा. ती रात्री मोबाईलवर काहीतरी बघून येतात आणि विचारतात, सर, मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात की इक्वेशन सुंदर असेल तर ते खरंच निघतं, हे असं असतं का? थोडं खोदून बघितलं तर दोघं एकच विचारतायत, की ज्याला अजून पुरावा नाही अशा गोष्टीच्या भरवशावर विश्वाचे मूळ नियम शोधायला निघावं का.

निघावं की, खुशाल निघावं. कुठून तरी निघावंच लागतं ना. फक्त थिअरी पास का नापास हे त्या भरवशाने ठरवू नये. एवढं तर कोणीही सांगेल. माझं म्हणणं थोडं पुढचं आहे आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही: या दोघांत जास्त फसवतं ते सौंदर्य, श्रद्धा नाही. श्रद्धा ठेवणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण श्रद्धा ठेवतोय. सौंदर्याच्या मागे लागलेल्याला वाटतं आपण नुसतं गणित करतोय.

ग्रहांच्या कक्षा शोधणारा तो खगोलशास्त्रज्ञ केप्लर बघा. हा आपल्यासारखाच मास्तर माणूस. 1595 साली ग्राझला शाळेत फळ्यावर आकृती काढत असताना त्याच्या डोक्यात आलं की तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा, म्हणजे मधल्या जागा पाच, आणि सगळ्या बाजू सारख्या असणारे घनाकार पण जगात बरोबर पाचच असतात, त्याच्यापेक्षा एक जास्त नाही की एक कमी नाही, मग देवाने हे आकार एकात एक बसवूनच ग्रहांची अंतरं ठरवली असणार. पुढच्याच वर्षी पुस्तक छापलं. कल्पना इतकी देखणी की आजही चित्र दाखवलं की पोरं गप्प होतात. आणि पूर्ण चुकीची. ग्रह सहा नाहीतच, तिथेच सगळं संपलं.

पण पुढचा भाग मला जास्त आवडतो. टायको ब्राहे हा आकाश मोजणारा डॅनिश माणूस वारला आणि त्याची मंगळाची निरीक्षणं केप्लरच्या हाती आली. टायकोकडे दुर्बीण नव्हती, सगळं नुसत्या डोळ्याने. केप्लरने वर्तुळावर सगळं बसवत आणलं आणि शेवटी 8 कलांचा फरक राहिला (एक कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण 30 कला रुंद दिसतो, म्हणजे फरक किती तर चंद्राच्या चौथ्या हिश्श्याएवढा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता जाऊ द्या, टायकोची नजर चुकली असेल. केप्लरने उलटं लिहिलं, की देवाने आपल्याला टायकोसारखा निरीक्षक दिला, ती देणगी मानायची तर हे 8 कला सोडून देता येणार नाहीत. आणि 1609 साली वर्तुळ गेलं, लंबवर्तुळ आलं. म्हणजे बघा, श्रद्धेने त्याला आकड्यांपुढे वाकायला लावलं, आणि सौंदर्य मात्र सुटलं नाही, कारण 1621 मध्ये त्याने ते पाच घनाकारांचं पुस्तक परत छापलंच.

श्रद्धेबद्दल अजून एक सांगतो आणि मग तो विषय सोडतो. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र होता, आणि तो कॅथलिक पाद्री होता. 1951 मध्ये पोपनी भाषणात सुचवलं की ही थिअरी म्हणजे सृष्टी निर्माण झाल्याची साक्षच आहे, तेव्हा नाराज कोण झालं तर हा पाद्रीच. त्याचं म्हणणं, थिअरी थिअरीच्या जागी, देव देवाच्या जागी. तसंच अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांचं. सलाम पक्के श्रद्धावान, नोबेलच्या मेजवानीतल्या भाषणात त्यांनी कुराणातली आयत म्हटली, की त्या दयाळूच्या निर्मितीत तुला कुठे खोट दिसणार नाही. वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघांनी 1967-68 च्या सुमाराला वेगवेगळं बसून एकच थिअरी लिहिली, विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं दुर्बल बल एकत्र बांधणारी, ग्लॅशोसोबत 1979 चं नोबेल वाटून घेतलं, आणि 1983 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत त्या थिअरीतले डब्ल्यू आणि झेड कण सापडले. त्या कणांना कोण नमाज पढतो नि कोण पढत नाही याच्याशी काय घेणंदेणं? म्हणून भाऊबंदांना मी सांगतो, कानबाई माझ्या घरात आहे, माझ्या इक्वेशनमध्ये नाही.

आता सौंदर्य.

सौंदर्यवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक. 1928 साली त्याने इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं, त्यात नको असलेली जास्तीची उत्तरं निघाली, ती फेकून देण्याऐवजी त्याने 1931 मध्ये सांगितलं की उलट विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन असला पाहिजे, आणि 1932 मध्ये अँडरसनला तो अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांत दिसला. मी पण हे शिकवताना अंगावर काटा येतो असंच शिकवतो. पण याच डिरॅकला पुढची क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाची थिअरी, शेवटपर्यंत कुरूप वाटली, त्यातली अनंत आकडे वजा करून टाकायची युक्ती त्याला सहनच झाली नाही. आणि ती कुरूप थिअरी इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा आकडा प्रयोगाशी दहापेक्षा जास्त अंकांपर्यंत जुळवून देते. एकाच माणसाचा एकच डोळा, एकदा बरोबर, एकदा चूक. मग त्या डोळ्यावर किती भरवसा ठेवायचा?

आमच्या जळगावच्या सराफ बाजारात जाऊन बघा. नाजूक घडणीची पोत आणली की दुकानदार आधी कौतुक करतो, मग ती कॅरेट मशीनमध्ये ठेवतो आणि झाकण लावतो. आत काय होतं तर एक्स-रे त्या धातूच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात, वरचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी पडतो आणि पडताना स्वतःचा एक्स-रे सोडतो, सोन्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा, चांदीचा वेगळा. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर 91.6 येतं, किंवा येत नाही. घडणीची मजुरी वेगळी, सोन्याचा कस वेगळा, दोन्ही एका रकान्यात कोणी लिहीत नाही. त्यात पुन्हा मशीन वरचाच थर बघतं, म्हणून मोठा व्यवहार असला की वितळवूनच बघतात. फिजिक्समध्ये गेली चाळीस-पन्नास वर्षं घडण बघूनच भाव लावायची सवय लागली, कारण वितळवून बघणं फार महाग झालं. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण एकमेकांवर आदळवायच्या यंत्राचा बोगदा 27 किलोमीटरचा आहे, असा बोगदा कोणी दर वर्षी खणत नाही.

याचा सगळ्यात जवळचा नमुना आपल्याच देशात घडला आणि पोरांना माहीतही नसतो. 1974 साली जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी गुरुत्वाकर्षण सोडून बाकी तिन्ही बलं एकाच सममितीत गुंडाळली, एसयू-फाइव्ह म्हणतात तिला. कागदावर इतकी नीट बसते की वाटतं हीच असणार. एकच अट, अणुकेंद्रातला प्रोटॉन कधीतरी फुटला पाहिजे, फार फार क्वचित, साधारण 1 वर 31 शून्यं एवढ्या वर्षांत एकदा. एवढं थांबणार कोण, म्हणून एकाच प्रोटॉनकडे बघत बसण्याऐवजी टनावारी लोखंड नाहीतर पाणी ठेवायचं आणि त्यातला एखादा फुटतो का बघायचं. हे आधी बघायला लागलेल्यांत कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण होती. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची माणसं जपान्यांसोबत दोन किलोमीटरपेक्षा खोल लोखंडाचे थर रचून बसली, कारण तेवढ्या खाली कॉस्मिक किरणांचा त्रास कमी. 1980 च्या दशकात त्यांना काही संशयित घटना दिसल्यासुद्धा, जगभर चर्चा झाली, पण बाकीच्या मोठ्या प्रयोगांत तसं काही आलं नाही. पुढे जपानच्या सुपर-कामिओकांदेने पाण्याच्या प्रचंड टाकीत बघून बघून मर्यादा 1 वर 34 शून्यांच्याही पुढे नेली. एसयू-फाइव्हचं साधं रूप तर त्याच्या आधीच, 1980 च्या दशकातल्या मोठ्या प्रयोगांतच मेलं होतं. कोणी म्हटलं नाही की प्रयोग वाया गेला, उलट सुपर-कामिओकांदेच्या टाकीतूनच न्यूट्रिनो नावाच्या हलक्या कणांना वस्तुमान असतं हे कळलं, जे साध्या एसयू-फाइव्हच्या यादीत नव्हतं.

सुपरसिमेट्रीची गोष्ट पण याच घरची. प्रत्येक कणाला एक जोडीदार, बाकी मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज कणाचं स्वतःचं वस्तुमान अवाढव्य का होत नाही याचं देखणं उत्तर. 2012 मध्ये हिग्ज सापडला, जोडीदार आजपर्यंत एकही नाही. आणि मग काय होतं, तर जोडीदार अजून जड असतील, अजून थोडे वर असतील असं म्हणत राहायचं. हेच मी श्रद्धा म्हणतो, फक्त इथे तिला कोणी श्रद्धा म्हणत नाही, तिला नॅचरलनेस म्हणतात, म्हणजे निसर्गातले आकडे ओढूनताणून जुळवलेले नसणार ही अपेक्षा. देवळात बसलेला माणूस निदान चपला बाहेर काढून बसतो.

सौंदर्याची आवड पण बदलते, ही अजून एक गंमत. हजार-दोन हजार वर्षं वर्तुळ सुंदर होतं. डावं-उजवं निसर्गाला सारखंच असणार हे इतकं स्वाभाविक वाटायचं की ली आणि यांग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1956 मध्ये शंका काढली तेव्हा पाउलीसारख्या दिग्गजाला ते खरं वाटेना, आणि मॅडम वू यांनी कोबाल्ट-60 घेऊन दाखवून दिलं की सारखं नाही. आज आम्ही पोरांना तेच किती छान आहे म्हणून शिकवतो. जे चाललं ते मागाहून सुंदर दिसायला लागतं, असा माझा संशय आहे.

पाटणादेवीला सहल गेली की हा विषय हमखास निघतो. चाळीसगावजवळच्या त्या पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. पोरं फोटो काढतात आणि मग एखादा पालक म्हणतोच की बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं. मी त्यांना एवढंच दाखवतो की भास्कराचार्य ग्रंथ सुरू करतात गणपतीला नमस्कार करून, आणि परीघ काढायची वेळ आली की 22/7 ला स्थूल म्हणून बाजूला ठेवतात आणि सूक्ष्म हिशोबासाठी देतात 3927/1250. हा अपूर्णांक काही दिसायला देखणा नाही. पण भागून बघा, 3.1416 येतं.

नारळीकर सरांचं नाव मग कोणीतरी काढतंच. हो, स्थिर स्थितीचं विश्व, जे कुठूनही आणि केव्हाही बघितलं तरी सारखंच, ही फार सुंदर कल्पना होती, आणि 1965 मध्ये विश्वभर पसरलेलं, बिग बँगनंतर उरलेलं मानलं जाणारं ते मायक्रोवेव्ह प्रारण जाहीर झाल्यावर तिचं कठीण झालं. सर बिग बँगवर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. मला त्यांची बाजू पटत नाही, पण ते भांडले ते निरीक्षणांवर बोट ठेवून, माझी थिअरी छान आहे म्हणून नाही, आणि असं भांडणारी माणसं हवीतच.

सध्या कामिओकाच्या डोंगराखाली अजून मोठी टाकी बांधतायत, हायपर-कामिओकांदे. परत प्रोटॉनचीच वाट बघणार, कारण एकीकरणाच्या बाकीच्या थिअऱ्या अजून जिवंत आहेत. फुटला एखादा तर क्लासमध्ये पेढे माझ्याकडून, आणि सौंदर्यवाल्यांनी मला खुशाल चिडवावं. नाही फुटला तर आकडा अजून थोडा पुढे सरकेल आणि मी फळ्यावर जुना खोडून नवा लिहीन.